घोडा वर्षात जन्मलेल्यांचा आठवडा : १६ ते २२ मार्च २०२६

शेवंती
१४ मार्च २०२६, रात्री ९:४०

१७ फेब्रुवारीला चिनी नवं वर्ष लागलं, घोड्याचं. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दर रविवारी ‘घोडा राशीचं या आठवड्याचं भविष्य’ येऊन पडतंय. गेल्या रविवारी तिघींनी तीन वेगळी पाठवली. एकात मंगळवार धनलाभाचा, दुसऱ्यात तोच मंगळवार घाताचा. कशावरून काढलं ते एकातही नाही. माझ्या मावसबहिणीने त्या भरवशावर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढे ढकलली, तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हणून हा धागा.

मी १९७८ ची, म्हणजे घोडा. सिंगापूरला येऊन १९ वर्षं झाली. शेजारच्या आजी १९४२ च्या, त्याही घोडा. त्यांच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायची दिनदर्शिका टांगलेली असते. पतंगाच्या कागदासारखं पातळ पान, मधोमध तारखेचा हा एवढा मोठा आकडा, रविवारचा लाल. आकड्याच्या खाली दोन रकाने : आज काय करावं आणि आज काय टाळावं. आणि कोपऱ्यात एक बारीक ओळ, आज कोणत्या प्राण्याशी टक्कर आहे ती. मला चिनी वाचता येत नाही, पण आजींनी घोड्याचं अक्षर ओळखायला शिकवलं. खाली चार ठिपके असतात, ते त्याचे चार पाय. फाडलेलं पान त्या टाकत नाहीत, त्यात माशाचे काटे गुंडाळतात.

तर मूळ पद्धत अशी. बारा प्राणी फक्त वर्षांना नसतात. तेच बारा महिन्यांना, दिवसांना आणि दिवसातल्या दोन-दोन तासांच्या प्रहरांनाही असतात. रात्री ११ ते १ उंदीर, दुपारी ११ ते १ घोडा. बाराही प्राणी घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडा, म्हणजे उंदीर आणि घोडा बरोबर समोरासमोर येतात. मध्यरात्र आणि मध्यान्ह, पाणी आणि आग. समोरासमोर आलेल्यांची टक्कर, तिला चिनीत ‘चोंग’ म्हणतात. म्हणून घोडेवाल्यांनी जपायचा दिवस कोणता, तर उंदराचा. आपल्या पंचांगात प्रत्येक राशीचं घातचक्र असतं ना, घातवार, घाततिथी, घातचंद्र, तो विचार आठवला तर हे लगेच कळेल.

आता यातली खरी गंमत. दिवसांचं चक्र १२ चं, आठवडा ७ चा. उंदराचा दिवस दर बाराव्या दिवशी येतो, त्यामुळे १२ आठवड्यांत तो ७ वेळाच येणार. म्हणजे ५ आठवडे घोड्याला टक्करच नाही! दर आठवड्याला न चुकता ‘सावधान’ लिहिणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो.

उद्या रविवारी, १५ तारखेला, उंदराचा दिवस आहे. तो संपला की १६ ते २२ मध्ये एकही नाही, पुढचा थेट शुक्रवारी २७ ला. त्यामुळे हा आठवडा घोड्याला मोकळा आहे. अगदीच गुळगुळीत मात्र नाही.

सोमवार बैलाचा. घोडा आणि बैल यांची टक्कर नाही, पण बारीक कुरबूर आहे. आजी सांगतात, या दिवशी घरच्या माणसाचं बोलणं मनाला लावून घेऊ नये. मंगळवार वाघाचा. वाघ, घोडा आणि कुत्रा हे एकमेकांचे जिवलग, त्यामुळे अडलेल्या कामासाठी कुणाला फोन करायचा असेल तर मंगळवारी करा. फक्त तो दिवस ‘बंद’ प्रकारचा आहे (दिवसांचे असे बारा प्रकार असतात, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन). म्हणून नवीन दुकान उघडण्यापेक्षा जुनं खातं बंद करणं, भिंतीतलं भोक बुजवणं, राहिलेला हिशेब मिटवणं हे त्या दिवशी चांगलं. बुधवार सशाचा. ससा-घोडा जोडी जरा मोडकी मानतात, ठरलेल्या बेतात थोडा बदल होईल इतकंच.

गुरुवार, १९ तारीख. आपला गुढीपाडवा. चिनी चांद्र महिनाही अमावास्येपासूनच मोजतात, त्यामुळे त्यांच्या दुसऱ्या महिन्याचा पहिला दिवसही त्याच तारखेला आलाय. दिवस ड्रॅगनचा, घोड्याला ना मित्र ना शत्रू. प्रकार ‘काढून टाकणे’ : घर झाडणं, जुनं औषध बदलणं, नको ते बाहेर काढणं. पाडव्याआधी आपण जे करतो तेच.

शुक्रवार सर्पाचा. त्याच दिवशी विषुवदिन आहे आणि चिनी दुसऱ्या महिन्याची द्वितीयाही. या द्वितीयेला ‘ड्रॅगन डोकं वर काढतो’ असं म्हणतात, आणि उत्तर चीनमध्ये केस कापायला न्हाव्याकडे रांग लागते. शनिवार खुद्द घोड्याचा. इथे मात्र थांबा. घोड्यासमोर घोडा आला की तो स्वतःलाच शिक्षा करतो असं शास्त्र आहे. रागाच्या भरात राजीनामा, तिरमिरीत पाठवलेला मेसेज, रात्रीची भरधाव गाडी, हे शनिवारी नको. सर्प, घोडा, मेंढी हे तिघं उन्हाळ्याचे, लागोपाठ तीन दिवस ऊन चढत जातं आणि त्याचा मधला दिवस शनिवार.

आणि रविवार, २२ तारीख, मेंढीचा. मेंढी ही घोड्याची जोडीदार. प्रकार ‘स्थिर’. बोलणी पक्की करणं, साखरपुडा, खरेदीचा शब्द देणं यासाठी आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस. कोर्टकचेरी आणि लांबचा प्रवास त्या दिवशी टाळतात.

घोडा वर्षं : १९४२, १९५४, १९६६, १९७८, १९९०, २००२, २०१४ आणि हे चालू वर्ष. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी आधी विचारा, मग वाचा.


प्राजक्त
१४ मार्च, रात्री १०:१५

ताई, वाचनखूण साठवली. माझा जन्म २० जानेवारी १९७८. इतकी वर्षं मी घोड्याचंच भविष्य वाचत आले.


शेवंती
१४ मार्च, रात्री १०:२२

प्राजक्त, तू सर्प आहेस गं. घोडा वर्ष ७ फेब्रुवारी १९७८ ला लागलं. त्याआधीचे सगळे १९७७ च्या सर्पात. काही ज्योतिषी तर चांद्र नववर्ष न धरता ४ फेब्रुवारीच्या आसपासचा वसंतारंभ धरतात, पण २० जानेवारी दोन्ही हिशेबांनी सर्पातच येते.


पाटीपेन्सिल
१५ मार्च, सकाळी ७:५०

शेवंतीताई, मांडणी आवडली, पण मनापासून एक शंका विचारतो. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. माझ्या दहावीच्या वर्गात ५२ मुलं आहेत, आणि तुमच्या हिशेबाने सगळी बैल नाहीतर वाघ. ५२ घरांतली ५२ मुलं, कुणाचे वडील ऊसतोडीला, कुणाची आई नर्स. त्या सगळ्यांचा आठवडा एकसारखा कसा जाईल? दहावीचे शेवटचे पेपर चालू आहेत. ‘आज तुझा टकरीचा दिवस’ एवढं कुणी त्यांना सांगितलं, तर पेपर हातात पडायच्या आधीच पोर खचेल. हे मी पाहिलंय. गेल्या वर्षी एका मुलीला घरी ‘आज चंद्र आठवा आहे’ असं सांगितलं होतं. गणिताच्या पेपरला ती अर्धा तास नुसती बसून होती.


शेवंती
१५ मार्च, सकाळी ९:०५

सर, पहिल्या शंकेचं उत्तर चिनी परंपरेतच आहे. तिथे पत्रिका चार खांबांची : वर्ष, महिना, दिवस, प्रहर. प्रत्येक खांबाला दोन अक्षरं, अशी आठ. वर्षाचा प्राणी हा त्यातला एकच खांब. नुसत्या त्यावरून माणसाचा आठवडा सांगणं म्हणजे नुसत्या आडनावावरून स्वभाव सांगण्यासारखं. म्हणून मी वर ‘होणार’ असं कुठेच लिहिलं नाही. कुठे सावकाश जावं, एवढंच लिहिलं.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. परीक्षा, ऑपरेशन, डॉक्टरांची वेळ यांचा दिवस दुसऱ्याने ठरवलेला असतो. तो बदलता येत नाही, तर त्याबद्दल भीती घालणं हे पाप आहे. आजींच्या नातवाची परीक्षा टकरीच्या दिवशी आली, तर त्या ते पान तो उठायच्या आत फाडून टाकतात. दोनदा पाहिलंय मी. मावसबहिणीलाही काल फोन करून आधीचीच वेळ परत घ्यायला लावली.


टाकसाळ
१५ मार्च, सकाळी ११:३०

उत्तम धागा. दोन गोष्टी जोडतो.

एक, हे १२ आले कुठून. मुळाशी आपला गुरू आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, ढोबळमानाने बारा. चिनी ज्योतिषांनी गुरूच्या उलट दिशेने फिरणारा एक काल्पनिक ग्रह कल्पिला, तो ताई सुई. पुढे तो देव झाला. साठ वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाला एक, असे साठ ताई सुई झाले. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात साठांच्याही मूर्ती आहेत. आपल्याकडे तोच गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि कन्येत आला की कृष्णेकाठी कन्यागत. बारा वर्षांची ही लय दोन्हीकडे आकाशातूनच आली आहे.

दुसरं, आठवड्याबद्दल. जुन्या चीनमध्ये व्यवहार दहा दिवसांच्या गटाने चाले. सात वारांची कल्पना तिकडे पोचली ती बौद्ध भिक्षूंबरोबर. आठव्या शतकात अमोघवज्राने नक्षत्रं आणि वार यांवरचा ग्रंथ चिनी भाषेत नेला. वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहांत सापडलेल्या जुन्या दिनदर्शिकांत रविवारावर एकच अक्षर लिहिलेलं असतं, ‘मी’. तो मध्य आशियातल्या सोग्दी व्यापाऱ्यांच्या भाषेतला सूर्य. आणि त्यांच्या पंचांगात २८ नक्षत्रं रोज एक या क्रमाने फिरतात. २८ ला ७ ने भाग जातो, त्यामुळे तिथे प्रत्येक नक्षत्राचा वार कायमचा ठरलेला. आपल्याकडे नक्षत्र चंद्राबरोबर चालतं, म्हणून तसं होत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर वहीत आकडे मांडत बसलो होतो.


साठीचा_उंबरठा
१५ मार्च, दुपारी २:१०

नमस्कार. माझा जन्म मे १९६६. आमच्या भटजींनी सांगितलं, मी पराभव नाम संवत्सरातला, शके १८८८. येत्या पाडव्याला शके १९४८ लागतंय, तेही पराभव. म्हणजे साठ संवत्सरांचं चक्र पुरं. मे महिन्यात साठीशांत करायची ठरवली आहे. टाकसाळ यांनी साठ म्हटल्यावर चमकलो. चिनी हिशेबातही माझं वर्ष परत आलंय का?

सौभाग्यवती ‘पराभव’ या नावाने जरा घाबरली आहे. त्यात मुलीने कुठेतरी वाचलं की घोडेवाल्यांना घोडा वर्ष जड जातं.


टाकसाळ
१५ मार्च, दुपारी २:४५

काका, नुसतं घोडा नाही, अग्नी-घोडा. १९६६ ही अग्नी-घोडा आणि २०२६ ही तेच. प्राणी बारा वर्षांनी येतो, पण प्राणी आणि तत्त्व यांची हीच जोडी परत यायला साठ वर्षं लागतात. तुमची दोन्ही चक्रं एकाच वर्षी पुरी होतायत. नावाबद्दल वहिनींना सांगा, तुम्ही जन्मलात तेव्हाही संवत्सर पराभवच होतं, आणि त्याच नावाखाली आलेला माणूस साठ वर्षं त्यांच्यासमोर उभा आहे.


शेवंती
१५ मार्च, दुपारी ३:३०

काका, हार्दिक अभिनंदन! मुलीने वाचलं ते अर्धं खरं आहे. आपलं जन्मवर्ष परत येतं त्याला ‘बन मिंग न्येन’ म्हणतात. त्या वर्षी ताई सुई आपल्याच प्राण्याच्या जागी बसलेला असतो, म्हणून ते जपून घालवायचं असतं. उपाय अगदी घरगुती. वर्षभर अंगावर काहीतरी लाल ठेवायचं : लाल कमरपट्टा, लाल मोजे, आतले लाल कपडे. आणि ते स्वतः विकत घ्यायचं नसतं, आपल्या माणसाने द्यायचं असतं. इथे जानेवारीपासून दुकानांत लाल आतल्या कपड्यांचे ढीग लागले होते. माझे मोजे आजींनी दिले. ४८ वर्षांच्या बाईला ८३ वर्षांच्या बाईने लाल मोजे दिले, मला खूप बरं वाटलं.

आजींचं वर्षही सांगते. १९४२ चं घोडा वर्ष १५ फेब्रुवारीला लागलं, आणि त्याच दिवशी ब्रिटिशांनी सिंगापूर जपान्यांच्या हवाली केलं. ऐन नववर्षाच्या दिवशी. आजी त्यानंतर चार महिन्यांनी जन्मल्या. त्यांच्या आईने नवीन वर्षासाठी केलेलं खाणं तसंच राहिलं होतं, ही गोष्ट त्या दर नववर्षाला सांगतात.


सई_हाँगकाँग
१५ मार्च, सायंकाळी ६:००

शेवंती, इकडची भर घालते. वोंग ताई सिनच्या देवळात तळघरात ताई सुईंचं मोठं दालन आहे. आपल्या जन्मवर्षाचा आणि चालू वर्षाचा ताई सुई शोधायचा, नमस्कार करायचा आणि वर्ष संपताना परत येऊन आभार मानायचे. मला हे आभार मानणं फार आवडतं. मागायला सगळे जातात, परत यायला माणूस विसरतो. वर अंगणात लोक गुडघ्यावर बसून बांबूची नळी हलवत असतात. आत शंभर काड्या, एक खाली पडली की तिच्या आकड्यावरून उत्तर.

आणि पंचांगाचं नाव! मूळ शब्द ‘सर्व काही सांगणारं पुस्तक’ असा आहे. पण कँटोनीजमध्ये ‘पुस्तक’ आणि ‘हरणे’ यांचा उच्चार सारखाच. म्हणून इथे त्याला ‘तुंग शिंग’ म्हणतात, म्हणजे पुस्तकाच्या जागी ‘जिंकणे’. आपण दिवा ‘विझव’ म्हणत नाही, ‘मालव’ म्हणतो, तसं.


गोदाकाठ
१५ मार्च, रात्री ८:२०

ताई, मी आणि बायको दोघंही १९९० चे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. नाशिकला पाडव्याला गृहप्रवेश आहे. कर्ज काढून, चार वर्षं थांबून घर झालंय. बायकोच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की चिनी पंचांगात १९ मार्च वाईट आहे. तुम्ही तर ‘ना मित्र ना शत्रू’ लिहिलंय. नक्की काय? ती दोन दिवस नीट जेवली नाहीये.


शेवंती
१५ मार्च, रात्री ९:१०

गोदाकाठ, सांगायला हवं होतं ते मी वर गाळलं, माफ करा. विषुवदिन आणि अयनदिन असे वर्षात चार येतात. त्या प्रत्येकाच्या आदल्या दिवसाला चिनी पंचांगात ‘विलग होण्याचा’ दिवस म्हणतात. ऋतू बदलताना जुनं सुटलेलं, नवं अजून धरलेलं नाही, म्हणून मोठं शुभकार्य त्या दिवशी करत नाहीत. यंदा विषुवदिन २० ला, म्हणून १९ हा विलग दिवस. हे सगळ्या प्राण्यांना सारखंच आहे, घोड्याला वेगळं काही नाही. मी धागा फक्त घोड्यासाठी लिहीत होते म्हणून ते सोडलं.

आता माझं मत. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला. त्या दिवशी वेगळा मुहूर्त बघावा लागत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलंय. तुमचं घर नाशिकला, गुढी तुमची, देव तुमचे. मी इतकी वर्षं आजींचं पान रोज बघते, पण पाडव्याला सोनं घेताना एकदाही बघितलेलं नाही. आजींना मी हे सांगितलंय, आणि त्यांना ते पटतं. या घराच्या दिवशी त्या घरचं कॅलेंडर लावू नये. वहिनींना जेवायला वाढा. कडुनिंब-गूळ खा आणि घरात पाऊल टाका.


ओसाकातली_मी
१६ मार्च, सकाळी ६:४०

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी ओसाकाला असते, मूळची साताऱ्याची. जूनमध्ये बाळ होणार आहे. इथे अग्नी-घोडा वर्षाला ‘हिनोए-उमा’ म्हणतात, आणि त्या वर्षात जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते अशी जुनी समजूत आहे. ओशिची नावाच्या एदोतल्या (म्हणजे जुन्या तोक्योतल्या) मुलीच्या गोष्टीवरून ती पक्की झाली. प्रियकराला परत भेटता यावं म्हणून तिने आग लावली आणि १६८३ मध्ये तिला जाळून मारलं. ती अग्नी-घोडा वर्षातली होती असं म्हणतात.

ही नुसती गोष्ट राहिली नाही. १९६५ मध्ये जपानात सुमारे १८ लाख २० हजार मुलं जन्मली, १९६६ मध्ये १३ लाख ६० हजार. एका वर्षात चौथा हिस्सा मुलं कमी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आकडा वर. लोकांनी ठरवून मुलं होऊ दिली नाहीत.

आता तसं कुणी मानत नाही, इथल्या बायका उलट हसून सांगतात. पण शेजारच्या एका वयस्कर बाईंनी मुलगा की मुलगी विचारलं आणि मग पटकन विषय बदलला. तो विषय बदलणं डोक्यातून जात नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘आपल्याकडे मूळ नक्षत्र तेवढं टळू दे.’ मला रडू आलं.


ओंजळ
१६ मार्च, सकाळी ९:५५

बाळा, मी मुळावरची आहे. वय ७१.

आमच्या वेळी मुळावरची मुलगी म्हटलं की सासऱ्याच्या मुळावर, आश्लेषाची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला. मंगळाची तर गोष्टच सोड. माझी सतरा स्थळं परत गेली. पत्रिका बघायच्या आधी लोक चहा-पोहे खायचे, पत्रिका बघितली की निरोप यायचा. वडिलांनी शेवटी नवी पत्रिका करून घ्यायचं मनात आणलं, तेव्हा मी नाही म्हटलं. ज्या घरात मला खोट्या वेळेवर जायचं, तिथे खरं काय राहणार?

अठरावं स्थळ आलं. सासरे स्वतः आले होते, पोस्टात होते. म्हणाले, ‘मला जड आहे ना? मग मीच सांगतो, मला चालेल.’ ते ९१ वर्षांचे होऊन गेले. शेवटची चार वर्षं त्यांना मी हाताने भरवलं.

आज टक्कर आहे, आज जपून जा, हे चालेल मला. दिवस उगवतो आणि मावळतो. जन्माचा डाग मावळत नाही, तो कुणी कुणाला लावू नये. शेवंती, तू हा धागा दिवसांपुरता ठेवलास, माणसांवर नेला नाहीस, म्हणून मी इथे लिहिलं.

ओसाका, तुझ्या आईचा नंबर मला निरोपातून पाठव. मी बोलते तिच्याशी.


पाटीपेन्सिल
१६ मार्च, सकाळी १०:३०

मावशी, नमस्कार करतो. वर्गात वाचून दाखवू का? तुमचा उल्लेख न करता.


ओंजळ
१६ मार्च, सकाळी ११:००

दाखवा. पत्रिकेचं नक्की वाचा. मुलींना नाही तेवढं मुलांना वाचून दाखवा.


टाकसाळ
१६ मार्च, दुपारी १२:१५

ओसाका, मावशींच्या प्रतिसादानंतर आकडे लिहायला संकोच वाटतो, पण एक सांगतो. ही मुलींवरची समजूत जपानात इतकी रुजली, चीनमध्ये तशी नाही. तिकडे अग्नी-घोडा म्हणजे तापट, धाडसी, न थांबणारा. आणि जपानातच साठ वर्षं पुरी झाली की ‘कानरेकी’ करतात, म्हातारा माणूस पुन्हा बाळ झाला म्हणून त्याला लाल टोपी आणि बिनबाह्यांचं लाल जाकीट घालतात. म्हणजे १९६६ मध्ये ज्यांच्या जन्माला लोक घाबरले, त्या बायका यंदा लाल जाकीट घालून घरच्यांच्या मध्ये बसतील. नातवंडांसकट.


साठीचा_उंबरठा
१६ मार्च, दुपारी १:०५

मुलीने लाल कमरपट्टा शोधायला सुरुवात केली आहे. साठीशांतीला उपरणं लाल काठाचं घेणार होतो, आता पूर्ण लाल घेतो. सौभाग्यवतीने टाकसाळ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.


गोदाकाठ
१९ मार्च, रात्री ८:४५

गुढी उभी राहिली. सकाळी साडेसहापासून सगळे जागे होते. नवीन दाराला आंब्याचं तोरण लावताना बायकोने आपणहून विचारलं, ‘आज काढून टाकायचा दिवस आहे ना?’ मग जुन्या भाड्याच्या घराची किल्ली मालकांना द्यायचीच राहिली होती, ती दुपारी जाऊन देऊन आलो. चार वर्षं खिशात होती.

ताई, आभार. फोटो निरोपातून पाठवतो.


ओसाकातली_मी
२० मार्च, सकाळी ७:३०

ओंजळ मावशी आईशी दीड तास बोलल्या. काय बोलल्या ते दोघींपैकी कुणीच सांगत नाही. काल आईचा फोन आला. म्हणाली, बाळंतविड्यातलं दुपटं पिवळ्या कापडाचं शिवायला घेतलं होतं, ते उसवलं. आता लाल शिवतेय.


पांथस्थ७९
२० मार्च, सकाळी ९:१५

धागा आत्ताच दिसला. माझी जन्मतारीख २५ जानेवारी १९७९. मी मेंढी का? आणि उद्या मोटारसायकलने महाबळेश्वरला जायचं ठरलंय.


शेवंती
२० मार्च, सकाळी ९:४०

नाही, घोडाच. मेंढी वर्ष २८ जानेवारी १९७९ ला लागलं, तुम्ही तीन दिवस अलीकडे आहात. उद्या घोड्याचाच दिवस आहे. जा जरूर, पण पसरणीच्या घाटात पुढच्याशी चढाओढ करू नका आणि अंधाराच्या आत वर पोचा. पुढचा उंदराचा दिवस शुक्रवारी २७ ला. त्या आठवड्याचं बुधवारी लिहीन.